झडप बंद असताना

मोहोपाडा, २३ जून २०२५

समिधा,

पत्ता तुझ्या आईकडून घेतला. फोनवर म्हटलं, समिधाची एक वस्तू माझ्याकडे राहिलीय, पाठवायचीय. त्यांनी जर्मनीतल्या त्या रस्त्याचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगितलं आणि मध्येच थांबून म्हणाल्या, तिथे फार थंडी असते गं. मी म्हटलं, हो, पण कोरडी असते. कपडे वाळत असतील.

तू मला सगळीकडे ब्लॉक केलंयस म्हणून कागद. कागद ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडायच्या आधी पुढचा परिच्छेद वाच.

नंदाला दिवस गेलेत. तिसरा महिना आत्ता लागलाय. आपल्या कुंभिवलीच्या शेडमधली नंदा, कोटिंग मशीन पुसायची ती. तू तिला मावशी म्हणायचीस, आणि ती आपल्या दोघींपेक्षा लहान आहे. तिला हे मूल पाडायचंय. नकोसं आहे म्हणून नाही. तिची खात्री झालीय की तिचं रक्त पोरं मारतं. गेल्या ऑगस्टमध्ये तिचा बाळ्या गेला, तेव्हा किशोर सरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, विकासला, ऑफिसात खुर्चीवर बसवून हॉस्पिटलचा रिपोर्ट वाचून दाखवला होता. रक्तात एक गोष्ट कमी आहे, ती आईकडून मुलाकडे येते, कंपनीचा काही संबंध नाही. नंदा तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसली होती, आठवतंय? तिला खुर्चीवर बसायची सवय नव्हती आणि सरांनी बसच म्हटलं होतं. तिने फक्त एक विचारलं. ओव्हनचं काय व्हतं का? सरांनी तुझ्याकडे बघितलं. आणि तू म्हणालीस, "ओव्हनमध्ये काही नव्हतं, मावशी. मी स्वतः तपासलंय."

एवढंच परत घे. मला तुझी साक्ष नको, कोर्ट नको, पेपरात नाव नको. एक वाक्य लिही, तुझ्या अक्षरात: ओव्हनमध्ये होतं. मी तिला वाचून दाखवते.

मी सांगून बघितलं. ती म्हणते, "तू माझी हायेस. मला बरं वाटावं म्हनून तू काय पन सांगशील. मॅडमला काय पडलंय माझं? मॅडम बोलली तर ते खरं."

बघ, तुझं किती चाललंय इथे.

इल्मा

मोहोपाडा, ५ जुलै

समिधा,

टपाल पोचलं नसेल असं धरते. तोवर तुला तुझ्याच कृतीची आठवण करून देते, उन्हावर वीज करणाऱ्या आपल्या पट्टीची. तिथे तू ती आता वेगळ्या भाषेत, वेगळ्या लोकांना सांगत असशील, आणि भाषा बदलली की काही गोष्टी गळतात.

शाई घ्या. तिच्यात दोन पदार्थ, एक देणारा आणि एक घेणारा. वर चिमूटभर पांढरं चूर्ण. ही शाई प्लास्टिकच्या पट्टीवर पसरा, इतकी पातळ की पट्टी फक्त जांभळट दिसेल. ओली पट्टी ओव्हनमध्ये. आता देणारे रेणू आणि घेणारे रेणू एकमेकांत कालवलेले आहेत, कुणालाच आपली जागा सापडलेली नाही. ऊब लागली की ते हलायला लागतात. कमी तापवलं तर जिथल्या तिथे राहतात. जास्त तापवलं तर आपापल्या भावकीला धरून गोळे करून बसतात, मग ऊन पडलं तरी वीज मधल्या मध्ये मरते. पांढरं चूर्ण या दोघांच्या मध्ये उभं राहून त्यांना रांगेत लावतं आणि हळूहळू उडून जातं. पट्टीत नंतर शोधलं तरी सापडत नाही. तू म्हणाली होतीस, लग्नात पंगत बसवणारी पोरं असतात ना, सगळ्यांना बसवून स्वतः गायब, तसं. मला ते इतकं आवडलं होतं की घरी जाऊन अम्मीला सांगितलं.

पण चूर्ण घाईने उडालं की रांग मोडायची. म्हणून तू ओव्हनवरच्या पाइपाची झडप बंद केलीस. वाफ बाहेर जाऊच द्यायची नाही, पट्टीला तिच्यातच मुरू द्यायचं. मी म्हटलं होतं, म्हणजे बिर्याणीला दम. तू हसलीस. पट्टी तेरा टक्के उन्हाची वीज करायला लागली, शेडमध्ये पेढे आले, आणि झडपेवर तू स्वतः टेप चिकटवून लिहिलंस: उघडू नये.

चूर्ण म्हणजे नॅप्थलीन. पुस्तकातलं नाव काढलं तर डांबरगोळी. अम्मीच्या पेटीत शेरवानीखाली असते तीच, फक्त शुद्ध.

आता दुसरी कृती. जुलै महिना घ्या. त्यात महिन्याचं बाळ. बाळाची आई बाळंतपणानंतर लगेच कामावर, कारण ठेकेदाराच्या बाईला सुट्टी नसते, बदली असते. जुन्या लुगड्याचे लंगोट, सतत ओले. वाडीत चुलीवर दोरी बांधतात, तिथे ते वाळत नाहीत, फक्त धुरकटतात. बाळाच्या मांड्या सोलवटलेल्या. मग शेडमधली एक शहाणी बी.एस्सी. मुलगी म्हणते, नंदा, पट्ट्या काढल्यावर ओव्हन कितीतरी वेळ गरम राहतो, वरच्या जाळीवर टाक ना. ती मुलगी मी. हे मी लपवलेलं नाही, किशोर सरांना त्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं आणि लिहून घेतलं नाही.

पट्टीतून उडालेलं चूर्ण झडप बंद असताना कुठे जातं, हे तू कधी विचारलं नाहीस. मीही नाही. ओव्हन थंड होताना आत जे सगळ्यात गार असेल त्याच्यावर जाऊन बसतं. ओल्या कापडावर.

लंगोट चकाकायचे, समिधा. बारीक बारीक सुया. नंदाला वाटायचं कापडाला खळ बसली. आणि तो वास. तिच्या घरी पेटी नाही, कपाट नाही, पण ज्या घरांत ती आधी धुणीभांडी करायची तिथे कपाट उघडलं की हाच वास यायचा. चांगल्या घराचा वास. तू एकदा जाळीवरून लंगोट उचलून नाकाला लावलास आणि म्हणालीस, वा मावशी, बाळ तर एकदम शेठ होणार. ती दिवसभर खुश होती. दुसऱ्या दिवशी तिने दुपटंही आणलं.

मग बाळ पिवळं पडलं. तिच्या सासूने, ठकीने, वाडीतल्या धाऊकडून काविळीची माळ बांधून आणली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबली. बाळ आधी रडायचं थांबलं, मग दूध ओढायचं. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरने, अल्ला त्याचं भलं करो, अगदी बरोबर प्रश्न विचारला, कारण रक्तात ती गोष्ट कमी असली की डांबरगोळीच्या वाफेने रक्त फुटतं आणि बाळ पिवळं पडतं. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवता का?

नंदा म्हणाली, आमच्याकडं पेटीच नाय, सायेब.

ती खरं बोलली. डॉक्टरने पुढचा प्रश्न विचारला.

मला हे तिने बाराव्यानंतर सहज सांगितलं, डबा खाताना. मी माझा डबा तसाच झाकला. त्याच दुपारी मी तुला येऊन सांगितलं आणि तू दार लावून घेतलंस. दुसऱ्या दिवशी झडपेवरचा टेप नव्हता. झडप उघडी होती. चूर्णाचा डबा गेला होता, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तू तिला सांगितलंस की ओव्हनमध्ये काही नव्हतं.

तेव्हा खरंच नव्हतं म्हणा.

इल्मा

मोहोपाडा, १७ जुलै

तर पोचलं पत्र.

तुझा मेसेज मी परत परत वाचला, मग तू पुन्हा ब्लॉक केलंस तरी तो माझ्याकडे राहिलाच. "इल्मा प्लीज. माझं इथे प्रोबेशन चालू आहे. ती प्रोसेस आता यांच्या नावावर आहे, मी काही लिहून दिलं तर सगळं अडकेल. मलाही झोप लागत नाही. तू तिला डॉक्टरकडे ने ना."

नेलं.

खालापूरच्या दवाखान्यात नेलं. बाई चांगल्या होत्या, घाईत होत्या. जुना रिपोर्ट बघितला. म्हणाल्या, हा दोष कितीतरी लोकांत, जास्त करून मुलग्यांत, असतो, जन्मभर कळतसुद्धा नाही, काही औषधं टाळायची आणि डांबरगोळीपासून लांब राहायचं, बस. मी नंदाच्या मांडीवर हात ठेवला, ऐक म्हणून. मग नंदाने विचारलं, मंग माझा पोरगा कशानं गेला? बाई म्हणाल्या, वर्षापूर्वीचं मी आता कसं सांगू? काहीतरी निमित्त झालं असणार. नंदा म्हणाली, निमित्त नसलं तर? बाई कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, निमित्ताशिवाय सहसा होत नाही, पण मुलगा असला तर जपायला हवं.

बाहेर आल्यावर तिला यातलं एवढंच आठवत होतं: मुलगा असला तर.

मी तिला स्टँडवर बसवून ओव्हन समजावला. चहाच्या कपावर बशी उपडी ठेवली, बशीला पाणी सुटलं ते दाखवलं. बघ, वाफ अशी वर जाते आणि गार वस्तूवर बसते. ती बराच वेळ बशीकडे बघत राहिली. वाटलं, पटलं. मग म्हणाली, "पन मॅडमनी बघितलं व्हतं ना आत."

मी किशोर सरांकडेही गेले. ते ओरडले नाहीत, मला भीती वाटली ती त्याचीच. मला बसवलं, चहा मागवला, घरी कोण कोण असतं विचारलं. म्हणाले, इल्मा, तू हुशार आहेस, विचार कर. समजा तुझं बरोबर आहे. मग तिला काय कळणार? की तिनेच स्वतःच्या हाताने ते कापड बाळाला गुंडाळलं. रक्ताचा दोष कुणाचाच नसतो, देवाचा असतो. मी तिला देवाचा दोष दिलाय. तू तिला तिचा स्वतःचा द्यायला निघालीस.

समिधा, मी जिना उतरेपर्यंत मला ते पटलेलं होतं. इतकं छान बोलतात ते. फाटकाशी आल्यावर लक्षात आलं की देवाचा दोष पोटात वाढत असतो. ओव्हनचा दोष ओव्हनमध्येच राहतो. ती ओव्हनपासून लांब जाऊ शकते. रक्तापासून कुठे जाईल?

एक वाक्य. नाव घालू नकोस, सही करू नकोस, जर्मनीचा शिक्का पाकिटावर असतोच. तिला वाचता येत नाही, पण शिक्का दिसतो.

इल्मा

कुंभिवलीच्या वरची वाडी, २९ जुलै

समिधा,

हे तिच्या पडवीत बसून लिहितेय. नंदा आत भाकऱ्या थापतेय. ठकी माझ्यासमोर बसून कुड्याच्या शेंगा निवडतेय आणि मी काय लिहितेय ते बघतेय. तिला वाटतंय मी ऑफिसचं काम करतेय. मघाशी म्हणाली, "पोरी, तू लगीन कधी करनार? का ओव्हनमधेच म्हातारी व्हनार?" मग मान खाली घालून भराभर शेंगा निवडायला लागली. ओव्हन शब्द या घरात असाच मध्येच येतो आणि सगळे भांड्यांकडे बघतात.

विकासने सोमवार ठरवलाय. तो एका टेंपोवर क्लीनर आहे, त्या दिवशी टेंपो कर्जतला जाणार आहे, तेव्हा तिला तिथल्या दवाखान्यात सोडणार. वाईट माणूस नाही. मला बाहेर आंब्याखाली नेऊन म्हणाला, मला काय हौस हाय का? पन परत ते बघायचं? पिवळं पडत गेलेलं? त्याच्या हातात कोयता होता आणि तो बोलताना नुसताच गवताला मारत होता.

ठकीला मूल हवंय. ती म्हणते, देवाचं देनं हाय, असूं दे. पण ती हेही म्हणते की नंदाच्या माहेरी पोरगे टिकतच नाहीत, तिचे दोन भाऊ असेच गेले. असेच म्हणजे कसे, विचारलं तर एक विहिरीत पडून.

मघाशी मी नंदाजवळ चुलीशी गेले. तिने भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारच्या आत मॅडमचं येईल का गं?"

बघ. अजून तिला वाटतंय येईल. तुला माहीत नसेल, पण या वाडीत तुझी वाट बघतायत.

मी म्हटलं, येईल.

आणि आत्ता हे लिहिता लिहिता माझ्या डोक्यात आलंय ते तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर म्हणू नकोस. माझ्याकडे तुझ्या आईने दिलेला पत्ता आहे. तुझं अक्षर मला येतं, वर्षभर एका खोलीत फ्रीजवर तुझ्या चिठ्ठ्या वाचल्यात: दूध संपलंय, गॅसवाला येईल, इल्मा माझा टॉवेल वापरू नकोस. शिक्काही मिळेल. खोलीवर मागे तुझ्या त्या विद्यापीठाचं ऑफरचं पाकीट आलं होतं, ते मी ठेवलंय. का ठेवलंय ते विचारू नकोस.

शुक्रवारपर्यंत वाट बघते.

इल्मा

मोहोपाडा, ६ ऑगस्ट

मी लिहिलं. तुझ्या वतीने, तुझ्या अक्षरात, तुझ्या पाकिटात घालून. रविवारी वाडीवर नेलं.

चांगलं लिहिलं होतं, समिधा. तुला अभिमान वाटला असता. लिहिलं होतं की नंदाताई, ओव्हनमध्ये होतं. मी झडप बंद केली होती. कापडावर जे चकाकत होतं ते विष होतं आणि ते तुम्हाला माहीत असणं शक्य नव्हतं, मला असायला हवं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमचं रक्त चांगलं आहे. बाळाला जन्म द्या. फक्त त्या वासापासून लांब ठेवा.

मी वाचून दाखवलं. नंदाने पाकीट हातात घेऊन शिक्क्यावरून बोट फिरवलं. ठकी रडायला लागली. विकास उभा होता तो उकिडवा बसला. वाचता वाचता मलाही ते खरंच तुझं वाटायला लागलं होतं. मला वाटलं, जिंकलो.

नंदा म्हणाली, "परत वाच. पयलं."

मी वाचलं. नंदाताई.

ती म्हणाली, "मॅडमला माझं नाव कुटं ठाव हाय?"

मी म्हटलं, अगं, अख्खं वर्ष एकत्र काम केलं. ती म्हणाली, "मावशी म्हनायची. सगळ्यांलाच मावशी. सुरेखाला पन मावशी, मला पन मावशी. एकदा मला हाक मारली तर सुरेखा गेली." मी म्हटलं, पत्रात माणूस नाव लिहितो. "तुमी म्हनून बोलतीय ती. मला 'तू' म्हनायची." ती पाकीट माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, अगदी हळू, जशी मी दुखावेन म्हणून जपत होती, "इल्मा, हे तू लिवलंस."

मी तुला तुझ्यापेक्षा बरी लिहिली. तिथेच चुकलं. तुझी चिठ्ठी हुबेहूब लिहिली असती, कोरडी, नाव नसलेली, टॉवेल वापरू नकोस अशी, तर तिला पटलं असतं. पण मला वाटलं, माणूस माफी मागताना तरी समोरच्याचं नाव शोधून काढेल.

मी कबूल केलं. काय करणार? तिने बघितलं माझ्याकडे, रागाने नाही. म्हणाली, "म्हंजी मॅडमनी काय लिवलंच नाय. म्हंजी लिवन्यासारखं काय नव्हतंच. तू मला बरं वाटावं म्हनून ओव्हन काडलास." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी समजावत राहिले, वाफ, बशी, झडप, सुया. ज्याने आत्ताच एक खोटं बोलून दाखवलंय त्याचं दुसरं कोण ऐकतं?

सोमवारी ती टेंपोत पुढे बसून गेली. मी बरोबर गेले. ती म्हणाली, येऊ नको, मी म्हटलं, येणार. वाटेत एका वळणावर तिला मळमळलं तेव्हा विकासने टेंपो थांबवायला लावला आणि रस्त्याच्या कडेला तिची पाठ धरून उभा राहिला. मला वाटलं, आता परत फिरतील. तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि परत चढून बसली.

दवाखान्यात सगळं नीट झालं. कायद्याने, कागदावर, स्वच्छ. कुणाचीही तक्रार नाही.

मुलगी होती की मुलगा, कुणी विचारायचं नसतं, सांगायचं नसतं. नंदानेही विचारलं नाही. फक्त परत येताना टेंपोत तिने पांघरायला दिलेली चादर नाकाशी नेली, वास घेतला आणि खाली ठेवली. ती आता प्रत्येक कापडाचं असं करते. ओव्हन खोटा आहे म्हणते, पण नाक मात्र त्यावर विश्वास ठेवतं.

इल्मा

मोहोपाडा, २२ ऑगस्ट

समिधा,

खोलीवर पार्सल आलं. माझ्या नावाने, पाठवणाऱ्याच्या जागी फक्त शहर. वरच्या शिक्क्यावर जुलैची तारीख आहे. म्हणजे मी तुझं अक्षर गिरवत बसले होते तेव्हा हे निघालेलं होतं. कुठल्यातरी गोदामात, कुठल्यातरी कस्टमच्या रांगेत पडून होतं.

मी उघडलं. बाळाचे लंगोट. पांढरे, मऊ, नवेकोरे, घड्या घातलेले, एवढे की एक पावसाळा न धुता निघेल. आत चिठ्ठी असेल म्हणून मी प्रत्येक घडी उलगडली. चिठ्ठी नव्हती. वरच्या कागदी पट्टीवर तुझ्या खऱ्या अक्षरात एकच शब्द होता: मावशींसाठी.

मला आधी ते फेकून द्यायचं होतं. मग जाळायचं होतं. मग वाटलं, लपवून ठेवावं, तिला हे दाखवणं म्हणजे जखमेत हात. दोन दिवस ते तुझ्या रिकाम्या पलंगावर पडून होतं. शेवटी अम्मीला फोन केला. ती म्हणाली, ज्याच्या नावाचं आहे त्याला दे, तू कोण मध्ये ठेवणारी? आयुष्यभर पोस्टमन झालीस तरी चालेल, पण मध्ये उघडून वाचणारी होऊ नकोस. तिला माहीत नव्हतं मी काय काय उघडलंय ते.

नेलं वाडीवर. नंदा ओटीवर बसली होती, अजून फिकट आहे. मी पार्सल पुढे ठेवलं. तिने विचारलं, कुनी? मी म्हटलं, या वेळी मी नाही. तिने पट्टी हातात घेतली, अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, काय लिवलंय? मी वाचलं, मावशींसाठी.

तेव्हा ती सरळ बसली.

एक लंगोट काढला, नाकाला लावला. मग दुसरा. मग खालचा. सगळे. म्हणाली, याला कसलाच वास नाय. मग कितीतरी वेळ ती मांडीवर ते पांढरं घेऊन बसली होती. ठकी आतून आली, बघितलं आणि दारातच थांबली.

नंदा म्हणाली, "मॅडमला सगळं सोडून कापडच का धाडावंसं वाटलं?"

आता माझ्या बोलण्याची गरज नव्हती. ती स्वतःशीच पुढे जात होती, एकेक पायरी, जशी मी तिला बशी उपडी ठेवून नेऊ शकले नव्हते. "खाऊ धाडता आला आसता. सोटर धाडता आला आसता. थंडीच्या देशात हाय ती. दुसरं काय पन." थांबली. "म्हंजी कापडातच व्हतं."

हो, मी म्हटलं.

"म्हंजी तू खरं सांगत व्हतीस."

हो.

"मंग रगत चांगलं व्हतं."

समिधा, तू जे वाक्य लिहायचं नाही म्हणून एवढी धडपडलीस, मला पुन्हा ब्लॉक केलंस, झोप घालवलीस, ते तू पार्सल करून पाठवलंस. ते तिने वाचलं. तिला वाचता येत नाही आणि तिने वाचलं. फक्त सोमवारच्या नंतर वाचलं.

ती रडली नाही. मी रडले तर म्हणाली, "गप. आत सासू ऐकती." मग तिने लंगोट पुन्हा होते तसे घडी घातले, पट्टी त्यावर नीट गुंडाळली, आणि उठून घरातल्या मडक्यांच्या उतरंडीमागे ठेवून आली. तिथे ओल लागत नाही. कशाला ठेवले, कुणासाठी, मी विचारलं नाही.

मी शेड सोडलीय. किशोर सर म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, झाला करून. तुझी ती झडप बंद करायची रीत आता तिथे जर्मनीत मोठ्या ओव्हनमध्ये, मोठ्या पट्टीवर चालेल, छपरांवर जाईल, वीज होईल, आणि वीज चांगलीच गोष्ट आहे. तुझ्या त्या लॅबमध्येही संध्याकाळी कुणीतरी पुसायला येत असेल. तिला काय म्हणतेस मला माहीत नाही. तिचं नाव विचार. आणि ओव्हन गार होईपर्यंत तिला त्याच्याजवळ काही ठेवू देऊ नकोस.

हे शेवटचं पत्र. तुझ्या आईला सांगितलेली तुझी राहिलेली वस्तू म्हणजे ते एक वाक्यच होतं, आता माझ्याकडे काही नाही.

निघताना नंदा पायवाटेपर्यंत आली. तिथे म्हणाली, "मॅडमला एक लिव."

मी म्हटलं, काय लिहू? मनात म्हटलं, आता येईल. शिवी येईल, शाप येईल, वर्षभराचं सगळं येईल, आणि मी ते एकही शब्द न बदलता लिहीन.

ती म्हणाली, "एवढ्या लांबून धाडलंय. पोचलं का नाय म्हनून जीव टांगनीला लागला आसंल तिचा. कळव तिला."

म्हणून कळवते.

कापड पोचलं.

इल्मा